बिसराम टेंभरे आणि बोडीखालची बांधी

सालेकशाजवळच्या बोडीटोल्याचा बिसराम टेंभरे धान पिकवायचा आणि शेतीचे काम नसले की बैल जुंपून भाड्याने खाचर हाकायचा. गावाहून स्टेशनाकडे जायला अरुंद पांदण होती. पावसाळ्यात खाचराचे चाक मधल्या तुंब्यापर्यंत रुतायचे आणि विकायचे धान दिवाळीपर्यंत घरातच पडून राहायचे.

१९५३ साली तालुक्याचा कारभार पाहणाऱ्या जनपद सभेने रस्त्यांची योजना आखली. पैसा थोडा, गावे फार. म्हणून जिथे रहदारी जास्त तो रस्ता आधी, असे ठरले. निम्मा खर्च सरकारचा, निम्मा गावाने अंगमेहनतीने फेडायचा. जागा फुकट द्यायची. पाहणीला ओव्हरसियर आले तेव्हा पारावर बिसरामच बसला होता.

"यहाँ से गाडी कितनी जाती है?"

"गाडी? इथून कायची गाडी, साहेब! गाडी पाहाची असन तं सालेकशाले जा."

आमच्याकडे गाडी म्हणजे आगगाडी. बैलांचे ते खाचर. ओव्हरसियर 'रहदारी नाही' असे लिहून गेले. बोडीटोला योजनेतून गळला.

सभेचे सदस्य केशोराव तडक गावात आले. "काऊन रे बिसराम, घरी खाचर ठेवून गाडी नाही मनतं?"

तेव्हापासून गाव त्याला टेसनमास्तर म्हणू लागले. "मास्तर, पाशिंजर लेट हाये का?" असे बायकाही विहिरीवरून विचारत.

फेब्रुवारीत केशोरावांनी बातमी आणली. दुसऱ्या एका गावाचा रस्ता जागेवाचून अडला होता आणि त्याचा मंजूर पैसा मार्चअखेर परत जाणार होता. त्याआधी बोडीटोल्याने जागा लिहून दिली, तर तो इकडे वळवता येणार होता. पांदण रुंद करायला तिघांच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेते, लागत होत्या.

त्यांतला गोवर्धन बिसरामला म्हणाला, "चूक तुही, बांधी माही काऊन? पयले तू दे."

बिसरामची बांधी बोडीखालची, म्हणजे गावच्या तळ्याखालची, हमखास पाण्याची. घरी बायको देवकाबाई कडाडली, "तेच देऊन राहिले? मंग खाचं काय, मुरूम?"

"गाव मले खाऊन राहिला ना!"

त्याने अर्धी बांधी लिहून दिली. मग गोवर्धनला आणि तिसऱ्याला मागे राहता येईना. पैसा वळता झाला. त्या उन्हाळ्यात साऱ्या गावाने माती वाहिली, मुरूम पसरला.

आषाढात धानाचे पहिले खाचर बिसरामनेच नेले. देवकाबाई पोत्यांवर बसली होती. उरलेली अर्धी बांधी आली तशी तिने मान दुसरीकडे वळवली. बिसरामने बैल थांबवले नाहीत.