खालच्या गल्लीचे तीन फेरे

माझे मेहुणे निवडणुकीत पडले, त्यात माझाही हात आहे. हे आधीच सांगून टाकतो.

मेहुणे म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. एकतीस वर्षं ते पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. त्यांचं नाव कुणी घेत नसे, "चावीवाले आले का?" एवढंच विचारत. छातीपर्यंत पोचणारी लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते सायकलवरून यायचे, रस्त्यातल्या खड्ड्याचं झाकण सरकवायचे आणि चावी आत उतरवून फिरवायला लागायचे. ओठ हलायचे, फेरे मोजणं चाललेलं असायचं. मध्येच कुणी नमस्कार केला तर लगेच उत्तर नाही. मोजून झालं की मग मान वळवून नमस्कार करायचे. तोवर माणूस कोपरा वळून गेलेला.

आमच्या वॉर्डात पाण्याची मोठी लाइन एकच. चौकात ती फुटते. एक फाटा उतारावरच्या आमच्या खालच्या गल्लीत, दुसरा चढावरच्या वरच्या गल्लीत. खालचा व्हॉल्व्ह नऊ फेरे उघडला की दोन्हीकडे घरटी पाणी पुरतं. बारा फेरे उघडला की आमच्या गच्चीवरच्या टाक्या भरून भिंतीवरून ओघळतात, आणि वर नळ नुसता फुसफुसतो. हे गणित मेहुण्यांच्या मनगटात होतं.

नगरसेवक आमच्याच गल्लीतला. मेहुण्यांच्या निवृत्तीला सहा वर्षं उरली असताना त्याने तोंडी सांगितलं, "बारा करा." मेहुण्यांनी बारा केले. निवृत्त होईपर्यंत रोज बाराच. तेही खालच्याच गल्लीत राहतात, माझ्यापासून चार घरं सोडून. त्यांची टाकी भरली की ते घराबाहेर जाऊन उभे राहायचे. ओघळ ऐकवत नाही म्हणायचे.

निवृत्तीनंतर वर्षभराने एक दिवस ते आणि मी वरच्या गल्लीतून चाललो होतो. तिथे टँकर उभा. टँकरवर नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो, माणसापेक्षा मोठा. खाली बादल्यांची रांग. तिथली एक शिवणकाम करणारी बाई दुसरीला म्हणत होती, "काही म्हण, माणूस देवासारखा धावून येतो बाई."

मेहुणे जागच्या जागी थांबले.

"टँकर कुठे भरतात माहीत आहे, दादा? आपल्या चौकातल्याच लाइनीवर. यांचंच पाणी चोरायचं, यांनाच वाटायचं, वर आपला फोटो लावायचा. आणि चोरून कोण देत होतं? मी."

घरी येऊन त्यांनी बहिणीला सांगितलं, मी उभा राहतोय. मला वाटलं, ती डोक्याला हात लावेल. ती भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली. म्हणाली, "सहा वर्षं हाताने केलंत, आता तोंडाने निस्तरा."

अर्जावर सूचक म्हणून मी सही केली. चिन्ह म्हणून त्यांनी चावी मागितली, ती यादीत नव्हती. बादली मागितली, ती आधीच कुणी नेली होती. मिळाला कंगवा. मेहुण्यांच्या डोक्यावर कानांपाशी सोडून केस नाहीत. गल्लीला दोन दिवस तेवढं पुरलं. इस्त्रीवाला म्हणाला, "चावीवाले, निवडून आलात तर आधी स्वतःसाठी काहीतरी करा." मेहुणेही हसले. प्रचारात तेवढंच हसलेले मला आठवतात.

वरच्या गल्लीत सभा बरी झाली. खरी परीक्षा खाली होती, कारण जास्त मतं खाली आहेत. मी त्यांना आदल्या दिवशी बजावलं होतं, "सगळ्यांना भरपूर पाणी देऊ, एवढंच म्हणा. फेऱ्यांत शिरू नका."

"भरपूर कुठून आणू? लाइन एकच आहे."

"म्हणायला काय जातं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

इस्त्रीच्या दुकानासमोर साठ-सत्तर माणसं जमली होती. मेहुणे रस्त्यांवर बोलले, गटारांवर बोलले. मग औषधाच्या दुकानाच्या मालकाने विचारलं, "ते सगळं ठीक. आमचं पाणी कमी करणार का, ते सांगा."

दुसरा कुणी असता तर त्याने हात उंचावून काहीतरी गोड सांगितलं असतं. यांनी एकतीस वर्षं विचारणाऱ्याला आकडाच सांगितला होता. "होय," ते म्हणाले. "तीन फेरे."

मग त्यांनी समजावून सांगितलं: बाराचे नऊ केले तर वरच्यांना प्यायला मिळेल, खालच्यांच्या टाक्या भरतील पण वाहणार नाहीत. गाड्या पाइपने धुता येणार नाहीत, बादलीने धुवाव्या लागतील. एवढाच फरक.

"स्वतःच्या गल्लीच्या मुळावर उठलेला पहिलाच उमेदवार बघतोय," मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला. मग औषधवाला माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही सूचक ना? तुमच्या घरचेही तीन फेरे चालतील तुम्हाला?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. "हो, चालतील," एवढंच म्हणायचं होतं. चालणार होतेच. पण माझा मुलगा समोर उभा होता, सून खिडकीत होती, आणि चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. मी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि चपलांकडे बघत राहिलो. औषधवाला म्हणाला, "घ्या. घरच्याच माणसाला पटलेलं नाही."

सभा तिथेच मोडली.

मेहुणे एकसष्ट मतांनी पडले. खालच्या गल्लीच्या केंद्रावर त्यांना एकोणीस मतं. आमच्याच घरात चार मतं आहेत, बहिणीकडे तीन. उरलेली बारा कुणाची, याचा विचार करताना मला आमच्या चारांचीच खात्री वाटेना. जेवताना सुनेला विचारलं. ती म्हणाली, "खोटं कशाला बोलू, बाबा? टाकी भरली नाही तर धुण्याचं मशीन कोण चालवणार, तुम्ही?" मुलगा मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता. तेच त्याचं उत्तर. मी ताटावरून उठलो. माझ्या घरात बसून माझ्याच सहीवर पाणी ओतलं दोघांनी, आणि मी त्यांना काही बोलूही शकत नव्हतो, कारण भर सभेत मी स्वतः तेच केलं होतं.

संध्याकाळी मेहुणे आले. बसले नाहीत.

"वरच्या गल्लीतही अर्ध्यांनी त्यालाच दिलं मत. टँकरला दिलं. त्यांचा राग येतो, पण त्यांच्या घशाला कोरड आहे, दादा, त्यांचं मी समजू शकतो. तुमचं काय?"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणजे काय? एक शब्द होता. मी सहा वर्षं गप्प राहिलो ती नोकरीसाठी. तुम्ही कशासाठी राहिलात?"

ते तसेच उंबऱ्यावरून परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सोडायच्या वेळेला मी चौकात गेलो. नवा चावीवाला तरुण आहे, बोलायला बरा. म्हटलं, बाबा रे, नऊच फेरे दे. तो हसला. "आजोबा, नगरसेवकांचं तोंडी चालतं. तुमचं लेखी लागेल. खालच्या गल्लीच्या सह्या आणा, साहेबांकडे देतो."

कचेरीत मी आयुष्यभर आवक-जावक सांभाळली. लेखी म्हटल्यावर मला जरा धीर आला. अर्ज लिहिला. 'आम्ही खालच्या गल्लीचे रहिवासी विनंती करतो की, आमच्या पाण्याचे तीन फेरे कमी करावेत.' चार वेळा लिहिला. सुनेपुढे ठेवला. तिने वाचला आणि परत दिला.

मग पुढच्या रविवारी मी इस्त्रीच्या दुकानासमोर, सभेत उभा होतो त्याच जागी, जाऊन उभा राहिलो. औषधवाला पाइपने गाडी धूत होता. मी अर्ज मोठ्याने वाचला. चार वेळा लिहून मजकूर पाठ झाला होता. शेवटी म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना? माझ्या घरचेही. चालतील."

"निवडणूक झाली की काका," औषधवाला म्हणाला.

"गाडीवरचं पाणी वरच्या गल्लीचं आहे," मी म्हणालो. आवाज चढला होता माझा, मला कळत होतं. "निवडणूक झाली म्हणून ते तुमचं झालेलं नाही."

त्याने पाइप बंद केला नाही. सही इस्त्रीवाल्याने केली, कपडा उलटवता उलटवता, माझ्याकडे न बघता. मागे बहीण आणि मेहुणे केव्हा येऊन उभे राहिले होते ते मला कळलं नाही. बहिणीने सही केली. मेहुण्यांनी पेन घेतलं.

"अकरा दिवस उशीर केलात," ते म्हणाले, आणि इतक्या जोराने सही केली की कागद फाटला.

मागून चिकटपट्टी लावून तोच अर्ज मी घरोघर फिरवतो आहे. सध्या माझी धरून चार सह्या आहेत.