जयराजचं सात्ते

चंदनबाला मगदूम बाई मूळच्या सांगलीकडच्या, पण नोकरी सगळी वडूजच्या बाजूला झाली. आमची शाळा दोन शिक्षकी. तिसरी-चौथी बाईंकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. मधे एक भिंत, त्यामुळे त्यांची हजेरी मला रोज ऐकू यायची.

ती हजेरी जगावेगळी होती. बाई फळ्यावर त्या दिवसाच्या पाढ्याचा नुसता आकडा लिहीत, एकोणीस म्हणा, आणि नावं घेत. मुलानं "हजर बाई" म्हणायचं नाही. आपल्या हजेरी क्रमांकानं गुणून उत्तर द्यायचं. जयराजचा क्रमांक सात, म्हणून तो "एकशे तेहतीस" ओरडे. आठव्या क्रमांकाची संयोगिता म्हणे, "एकशे बावन्न." बरोबर आलं की बाई मोठ्यानं "हजर!" म्हणून खूण करत. वर्ग दहा जणांचा, दोन मिनिटांत पाढा पुरा. मी बोलघेवडा माणूस. केंद्रातल्या सगळ्या शाळांना सांगून आलो, पाढे ऐकायचे तर आमच्याकडे या.

केंद्राच्या पाढे स्पर्धेला बाईंनी संयोगिताला उभं केलं. परीक्षकांनी विचारलं, "एकोणीस सात्ते?"

पोरगी शांतपणे म्हणाली, "सर, ते जयराजचं हाय. माझं आठ्ठे."

सभागृह खो खो हसलं. बाईंचा चेहरा उतरला आणि माझी बढाई माझ्याच तोंडावर आपटली. इतक्या वर्षांचं मुसळ केरात! प्रत्येक पोराला प्रत्येक पाढ्यातलं एकच घर येत होतं, आणि ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

परतताना एसटीत बाई म्हणाल्या, "चूक तुझी नाही गं, माझी आहे."

"पर बाई, मी तर रोज हजर व्हते की," संयोगिता रडवेली होऊन म्हणाली.

ते वाक्य बाईंना फार लागलं. त्या रात्रभर जाग्या असाव्यात, कारण सकाळी बिस्किटांचा रिकामा डबा आणि दहा चिठ्ठ्या घेऊनच आल्या. आता येईल त्यानं चिठ्ठी काढायची; निघेल तो आकडा त्या दिवसापुरता आपला. पहिले दोन महिने हजेरीला अर्धा तास लागे. "हजर!" क्वचितच ऐकू येई. बाईंचं ते निवृत्तीच्या आधीचं वर्ष. मी म्हटलं, "बाई, आवं, आता कशाला जीव काढताय?" त्यांनी डबाच माझ्यापुढे धरला. मला सतरा नव्वे निघालं आणि मी चहाचं निमित्त काढून सटकलो.

दिवाळीत जयराजच्या वडिलांची पलटण बेळगावला हलली आणि तो गेला. पुढच्या वर्षी संयोगिता चौथीत, स्पर्धेला पुन्हा तीच. परीक्षकही तेच, आणि त्यांच्या लक्षात होतं. हसत हसत त्यांनी विचारलं, "काय गं, एकोणीस सात्ते?"

बाईंनी माझा हात घट्ट धरला. ही त्यांची शेवटची स्पर्धा होती.

"एकशे तेहतीस," संयोगिता म्हणाली. मग परीक्षकांना नीट समजावं म्हणून पुढं म्हणाली, "जयराज बेळगावला गेला, सर. त्याचं आता माझ्याकडं हाय."

"हजर!" बाई सवयीनं ओरडल्या.

सभागृह पुन्हा हसलं. या वेळी सगळ्यांत जास्त बाईच हसल्या.