आयच्या बुगड्यांची अंगठी

केसरीनाथ पाटील आगऱ्याचा पोर आणि शिकला काय, तर जडाईचं काम! अख्ख्या दापोडे गावानं नावं ठेवली. भाऊबंद गोदामांचे मालक झाले आणि हा धामणकर नाक्यावर खोलीत बसून अंगठ्यांत हिरे बसवतो. ठेवेनात का. एवढा नाजूक हात भिवंडीत दुसरा नव्हता.

दोन हजार सहा साली भाच्याचा, भाविकचा, साखरपुडा ठरला. नवरीसाठी मामानं अंगठी योजली. सोन्याच्या दोन वेली एकमेकींत गुंतलेल्या, जिथं भेटतील तिथं हिरा, आणि हिरा धरणारं सोनं दिसूच नये अशी घडण. पण भाविकची आई, म्हणजे केसरीनाथची थोरली बहीण राहीबाई, हटून बसली.

"आयच्या बुगड्या आटवून त्यातच कर. आणि गाळू नको. आयचं सोनं गुंजभर कमी झालेलं मना चालायचं न्हाय."

तुटलेला दागिना झाळून सांधतात, तेव्हा त्यात हिणकस धातू मिसळतो. तो गाळून काढला नाही तर सोनं ठिसूळ होतं. केसरीनाथला हे ठाऊक होतं, पण थोरल्या बहिणीपुढे बोलायची त्याची कधी प्राज्ञा नव्हती.

साखरपुड्याच्या सकाळी शेवटचा हिरा राहिला होता. त्याला धरणारी, कडेखाली लपणारी सोन्याची बारीक नखी त्यानं दाबली, ती कट्कन मोडली. शेजारची दाबली, तीही गेली. जिन्यात राहीबाईचा आवाज आला. समोर गोंदाची ट्यूब पडली होती. हिरा चिकटवला असता तर लग्नापर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. हात तिकडे गेलाही, मग स्वतःचीच लाज वाटून त्यानं तो मागे घेतला.

"बाय, अंगठी नाही झाली," तो म्हणाला. "बुगड्या किती वेळा झाळल्यात, देव जाणे. आयनं तर त्या कधी कानातून काढल्या नाहीत."

आता ही आकाशपाताळ एक करणार, असं त्याला वाटलं. पण राहीबाई त्याच्या शेजारी येऊन बसली.

"तिनं न्हाय काढल्या. बापूस ओरबाडायचा, दारू पिऊन आला की. आय गुपचूप सांधून आणायची."

"आणि तिचा फाटका कान? तो तर म्हशीच्या शिंगानं..."

"तू लहान होतास. तुला तसंच सांगितलं."

लहानपणी त्यानं त्या म्हशीला काठीनं झोडपलं होतं.

राहीबाईनं आपल्या बोटातली साधी अंगठी काढली. "आज ही घालू. ती मोडलेली आटवून गाळ, सोनं किती का घटेना. दुसऱ्याची पोर आपल्या घरात येतेय. तिच्या बोटात आयच्या सोन्यातलं ते हिणकस नको."