गाठीचं पाणी तोडताना

वहिनींचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यात प्रयोगवह्या घेत होतो. "भावजी, ह्ये गेले," एवढंच त्या म्हणाल्या. वह्यांचा गठ्ठा काउंटरवर सोडून मी रिक्षा धरली. त्याला आता पाच आठवडे झाले. सोपानदादा माझा थोरला चुलतभाऊ. आमची माणसं मेंढरं राखणारी, वस्ती चितेगावच्या बाजूला. दादा मेंढरं सोडून शहरात आला आणि पाण्याच्या लाइनवर लागला, वस्त्यांना पाणी सोडायचं काम. मी त्याच्याच उस्मानपुऱ्यातल्या खोलीत राहून शिकलो आणि जीवशास्त्राचा मास्तर झालो.

दुष्काळ लागोपाठ पडत होते, धरण तळाला गेलं होतं, आणि शहर मात्र चहूबाजूंनी वाढत होतं. आज ज्वारीचं रान, उद्या प्लॉट, परवा तिथं मोठ्या लाइनला गुपचूप भोक पाडून कुणीतरी नळ घेतलेला. दादाला ते नुसत्या जमिनीच्या ओलीवरून कळायचं. मग भर रस्त्यात भांडण. एकदा तर मार खाऊन आला. "शहर म्हणजे तुझी मेंढरं वाटली का?" मी चिडवायचो. "मेंढरं बरी. हाकलली की ऐकत्यात," तो म्हणायचा.

त्याच दिवसांत त्याच्या आतड्यात कॅन्सर निघाला, यकृतावरही गाठी आल्या होत्या. केमोसोबत आणखी एक इंजेक्शन द्यायचं ठरलं. वहिनी फाइल घेऊन डॉक्टरांकडं गेल्या होत्या, आम्ही दोघं दवाखान्याबाहेर ओट्यावर. "ह्या सुईनं काय व्हतं?" त्यानं विचारलं, आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, गाठ लहान असते तोवर तिचं भागतं. वाढायचं तर तिला रक्त लागतं. मग ती जवळच्या रक्तवाहिन्यांना चिथावणारी द्रव्यं सोडते, त्यांना फुटवे फुटतात आणि गाठीत शिरतात. त्यातून गाठ पोसते, आणि त्याच वाटेनं तिच्या पेशी निसटून दुसरीकडं बिऱ्हाड करतात. हे इंजेक्शन ते फुटवे रोखतं. "म्हंजी चोरटे नळ!" दादा एकदम खुलला. मीही खुशीत येऊन म्हणालो, "अगदी बरोबर. पाणी तोडलं की गाठ वाळते." इतकं सोपं करून सांगितल्याचा मला अभिमानच वाटला होता...

तीन आठवड्यांनी वहिनींनी बोलावलं. वजन इतकं उतरलं होतं की डॉक्टरांनी पुढचा डोस लांबवला होता. दादा अर्धीच भाकरी खायचा, दूध तोंडाला लावायचा नाही. मी रागावलो तर शांतपणे म्हणाला, "लाइनच बारीक केली. आत कायच सोडलं नाय, तर गाठ काय पिईल?"

मी त्याच्यासमोर बसलो.

"दादा, लाइनला पाणी कमी आलं की आधी कोण कोरडं पडतं?"

"शेवटचं घर."

"आणि ज्यानं मोठ्या लाइनला भोक पाडलंय तो?"

"त्याला मिळतंयच," तो म्हणाला.

"मग तू कुणाला उपाशी मारतोयस? गाठीला, का तुझ्या हातापायांना?"

वहिनी दारातून कडाडल्या, "ह्ये येड तुमच्या डोक्यात घातलं कुणी?" दादानं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. "कुणी नाय," तो म्हणाला, "माझंच डोकं लई चालतं. वाढ भाकरी."

त्यानंतर तो औषध घ्यावं तसा जेवला. अंग जरा धरल्यावर डोस पुन्हा सुरू झाले, काही महिने बरे गेले. मग गाठी औषधालाही दाद देईनात. ते तीन आठवडे फुकट गेले नसते तर? मी डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. त्यानं काही फरक पडला नसता, असं ते म्हणाले असते तर मला फार बरं वाटलं असतं.

त्या खोलीत मी अजून दर रविवारी जातो. वहिनी जेवल्याशिवाय सोडत नाहीत. भेटायला आलेल्या प्रत्येकाला माझ्याकडं बोट करून सांगतात, "ह्यांनी समजावलं म्हणून जेवले शेवटपातूर. न्हायतर ऐकत व्हते का कुणाचं?" मी ताटात बघून भाकरी मोडत राहतो. चार रविवार असेच गेले. तोंडानं सांगायला जमलं नाही, म्हणून इथं लिहिलं. वहिनी पेपरची ही पुरवणी वाचतात.