कागदावरचा नारिंगी चौकोन

सत्तावीस-अठ्ठावीस साल असेल. सोलापुरातल्या एका शाळेत मी ड्रॉइंग मास्तर होतो आणि एका गोष्टीचा मला फार ताठा होता. मी पांढऱ्या कागदावर उभा लाल पट्टा काढायचो, त्यावरून आडवा पिवळा न्यायचो, आणि दोघे एकमेकांना ओलांडतात तिथल्या चौकोनात असा रंग भरायचो, की पिवळा पट्टा काचेचा आहे नि खालचा लाल त्यातून आरपार दिसतोय असंच वाटावं. काच-बीच काही नाही. दोन्ही रंगांच्या अगदी मधला नारिंगी साधायचा, एवढीच युक्ती. जरा गडद झाला की डाग पडल्यासारखा दिसतो, जरा फिका झाला की वरून चिकटवल्यासारखा. मुलं बोट लावून बघायची आणि मी मनातून फुगायचो.

आमच्या मागच्या गल्लीत एक तेलुगू विणकर राहायचे. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. माझं ते चित्र मी त्यांच्या घरीही मिरवून आलो होतो. त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं, स्थळ अक्कलकोटचं. त्यांच्या घरची रीत अशी, की लेकीचं लग्नाचं लुगडं बापानं स्वतःच्या हातानं विणायचं, आणि एकदा विणायला घेतलं की त्यातला एक धागाही मागं उसवायचा नाही. उसवलं तर पोरीचा संसार उसवतो, असं मामी सांगायच्या.

"मास्तर, तुमचं ते काचेचं चित्र लुगड्यात यील का?" मामांनी एकदा विचारलं. "पोरीला लई आवडलंय."

मला कोण आनंद झाला! दोन रविवार बसून मी नक्षीचा कागद केला. उभे लाल पट्टे, आडवे हळदी पट्टे, आणि प्रत्येक चौकोनात माझा नारिंगी. त्या नारिंगीचा धागा वेगळा रंगवून घ्या, असंही बजावलं. मामांनी कागद बराच वेळ न्याहाळला.

"हितं नारिंगीच भरायचं?"

"नारिंगीच. तिथंच तर सगळी गंमत आहे, मामा."

"बरं," ते म्हणाले.

माग सुरू झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळा सुटल्यावर तडक त्यांच्याकडे गेलो. वीतभर विणून झालं होतं. मामा प्रत्येक चौकोनाशी थांबत, पिवळ्या धाग्याची कांडी खाली ठेवत, नारिंगीची उचलत, दोन्ही धागे एकमेकांत अडकवत आणि मगच पुढं सरकत. मुलगी शेजारी बसून कांड्या भरत होती. मी वाकून कापडाकडं पाहिलं. चौकोन नारिंगी नव्हताच. विटकरी होता, मळका, आणि धागे अडकवले होते तिथं काठाला गाठीसारखा उचललेला.

चूक काय झाली ते मला तिथंच उभ्या उभ्या कळलं. माझा कागद पांढरा होता. मागावर लाल पट्ट्यांचा ताणा, म्हणजे उभे धागे, आधीच लावलेला असतो. त्यातून नुसता पिवळा धागा आडवा गेला असता, तरी दोघांचा मिळून नारिंगी आपोआप झाला असता. मी शहाण्यानं त्यात तयार नारिंगी ओतायला लावला होता. रंग एकदा मी मिसळला आणि दुसऱ्यांदा मागानं.

"मामा, थांबा. हे उसवू या."

मामींनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी जीभ चावली.

"उसवायचं न्हाय, मास्तर," मामा शांतपणे म्हणाले.

"मग पुढचे चौकोन तरी साध्या पिवळ्यानं विणा."

"अर्धं येक आन अर्धं येक? लगनाचं लुगडं हाय ते."

त्यानंतर मी रोज जात राहिलो. का जात होतो, देव जाणे. नऊवार लुगडं वीत-वीतभर पुढं सरकत होतं आणि मी नुसता बघत होतो. एकदा मुलीनं विचारलं, "चांगलं व्हायलंय न्हवं, मास्तर?" मी म्हणालो, "झकास!" त्या शब्दाची मला आजही शरम वाटते.

लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलाच्या आत्यानं ते लुगडं हातात घेतलं. एका चौकोनाच्या काठावरून तिनं नख फिरवलं. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"ठिगळं हायत व्हय ही?"

मांडवातल्या बायका वाकून बघायला लागल्या. नवरीच्या अंगावर ठिगळाचं वस्त्र कोण घालणार? मामा सांगत राहिले, शिवण न्हाय, विणल्यालं हाय. "हाताला लागतंय की," एवढंच म्हणून आत्यानं लुगडं खाली ठेवलं. वरपक्षानं आणलेलं दुसरं लुगडं पुढं आलं आणि मुलगी तेच नेसली. बापाच्या लुगड्याची घडी तिनं स्वतः घातली, हळूहळू, काठाला काठ जुळवून. मी कोट-टोपी घालून तिथंच उभा होतो.

आठवड्यानं धीर करून मामांकडं गेलो. लुगडं कापून घेतल्यावर उरलेला हातभर ताणा अजून मागावर होता. मी सगळं सांगितलं. चूक माझी, कागद माझा, तुमच्या हाताचा काही दोष नाही.

मामा उठले. मागावर बसले, नुसत्या पिवळ्याचा धोटा घेतला आणि शे-दीडशे वेळा इकडून तिकडं सोडला. चार बोटं कापड झालं. लाल पट्ट्यावर नारिंगी उमटला, स्वच्छ, काचेसारखा आरपार. माझ्या कागदावरही तो इतका साधला नव्हता.

"हे आसं यायाला पायजे हुतं," मामा म्हणाले. "कागद बघितला तवाच कळलं हुतं मला."

"मग बोलला का नाहीत, मामा?"

त्यांनी धोटा बाजूला ठेवला. "तुमी लई हौसेनं काडलं हुतं. मला वाटलं, शिकल्याल्या माणसाला आमच्यापरीस कायतरी जास्त दिसत आसंल."

मी त्या चार बोटं कापडाकडं बघत बसलो. कांड्या भरायच्या जागेवर कुणी नव्हतं. मुलगी सासरी गेली होती.