एका संगणकावर तीन राखणदार

ती केस आजही डोक्यातून जात नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्यातलं निम्मं मला अजूनही कळलेलं नाही. चोर नव्हता, चोरी नव्हती, तरी दोन दिवस माझं अख्खं ठाणं तपासाला जुंपलेलं होतं.

मी तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात, मूल आणि नागभीड या गावांच्या मधल्या धानपट्ट्यात ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच गावातल्या राइस मिलचे मालक धापा टाकत आले. त्यांच्याकडे गावोगावचं धान भरडाईला येई. कोणाचं धान, कोणत्या वाणाचं आणि कोणत्या थप्पीत, ही सगळी नोंद एका संगणकात असायची. ती नोंद सकाळी गायब झाली होती. फाटकावर शेतकरी धान मागत उभे, आणि कोणती थप्पी कोणाची हे सांगता येईना.

"सायेब, संगणकाले हात लावणारी एकच बाई हाये आमच्याकडं," मालक म्हणाले. "आठ वर्षांची जुनी हाये. पण मागं सुटी मागतली, म्या नाई म्हटलं. राग धरला असन."

तासाभरात खबर आली. मिलसमोरचा पानठेलेवाला आमच्या शिपायाला म्हणाला, की काल संध्याकाळी बाईनं काहीतरी रुमालात गुंडाळून पर्समध्ये घातलं. झालं. हेतू मिळाला, खबर मिळाली. माझ्या मनात दोषारोपपत्र लिहूनसुद्धा झालं होतं.

बाई चाळिशीची, जवळच्या खेड्यातून स्कूटीनं येणारी. महिला शिपायानं पंचांसमोर पर्स पाहिली, तर रुमालात पेन ड्राइव्ह निघाला. पंचनामा केला, पाकिटावर लाखेचं सील मारलं आणि चौकशी सुरू केली.

"नोंद कुठे आहे?"

"मले नाई माहीत, सायेब. मालकानं तीन राखणदार बसवायले लावले. तवापासून ते तिघं एकमेकालेच चोर म्हणून राह्यले."

आमच्या जमादारांनी लगेच पेन उघडलं. "तिघांची नावं सांगा. वय? राहणार कुठले?"

"माणसं नाई हो भाऊ ते. सॉफ्टवेअर हाये."

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे पाहिलं.

मग उलगडा असा झाला. संगणकात व्हायरस शिरू नये म्हणून जे सॉफ्टवेअर टाकतात, तसं एक मालकांना मिलसाठी घ्यायचं होतं. तीन कंपन्यांची तीन सॉफ्टवेअर महिनाभर फुकट वापरून पाहायला मिळत होती. आता मालक म्हणजे तांदळाचे पक्के पारखी. तीन वाणांची वानगी आली की एकाच परातीत शेजारीशेजारी ढीग करायचे आणि एकाच उजेडात पाहायचे, ही त्यांची आयुष्याची रीत. त्यांनी इथेही तेच केलं. तिन्ही एकाच संगणकावर, एकाच वेळी. बाईनं सांगितलं होतं, की संगणकाच्या दुकानातले चाचा एका वेळी एकच टाका म्हणतात. मालकांनी तिला उडवून लावलं होतं. पेन ड्राइव्हही चाचांचाच. त्यातूनच ती सॉफ्टवेअर टाकली होती, आणि तो परत द्यायला ती निघाली होती.

"चाचाले विचारा ना, सायेब."

चाचा पुतण्याच्या लग्नाला नागभीडला गेलेले, फोन बंद. मला वाटलं, बरी थाप आहे! शिवाय माझं साधं गणित होतं: तीन पहारेकरी जागे असताना माल जातो, तेव्हा नेणारा घरचाच असतो.

मिलमध्ये जाऊन संगणकही पाहिला. पडद्यावर लाल पाट्यांची नुसती जत्रा. पहिलं सॉफ्टवेअर म्हणे दुसरं धोकादायक, दुसरं म्हणे तिसरं, तिसरं म्हणे बाकीचे दोन्ही. इतक्या वर्षांत एकमेकांवर ढकलणारे आरोपी पुष्कळ पाहिले, पण पहारेकऱ्यांनीच एकमेकांची झडती घ्यावी हे नवीन होतं. दोन वेळा चष्मा पुसला. काही कळलं नाही. आणि आपल्याला कळलं नाही हे कबूल करण्याऐवजी मी ठाण्यात परत येऊन बाईवर आवाज चढवला.

तो बाजाराचा दिवस होता. बाई ठाण्याच्या ओसरीतल्या बाकावर, शेजारी महिला शिपाई. समोरून सगळा बाजार जात होता. तिच्या गावच्या बाया टोपली डोक्यावर घेऊन थबकायच्या, बघायच्या, पुढे जायच्या. तिनं दिवसभरात एकच गोष्ट मागितली.

"सायेब, मले आत तं बसवा."

"आत जागा नाही," मी म्हणालो.

सूर्य मावळायच्या आत तिला घरी सोडलं आणि सकाळी पुन्हा बोलावलं. पुन्हा तोच बाक. दुपारी चंद्रपूरहून सायबर शाखेच्या हवालदार ताई आल्या. माझ्या निम्म्या वयाच्या असतील. मिलच्या संगणकासमोर त्या जेमतेम पंधरा मिनिटं बसल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "सर, चोरी झालेलीच नाही."

मिलचा नोंदीचा प्रोग्राम कोणीतरी खास त्यांच्यासाठी बनवलेला, जुना. तिघांपैकी एकाला तो अनोळखी वाटला. अनोळखी म्हणजे संशयित! त्यानं प्रोग्राम नोंदीसकट उचलून आपल्या कोठडीत डांबला होता. तशी पाटीही दाखवली होती, पण तिघांच्या भांडणात ती कोण वाचणार? ताईंनी एक बटण दाबलं आणि सगळी नोंद जशीच्या तशी पडद्यावर आली. मालकांनी खुर्ची ओढून एकेक थप्पी वाचून पाहिली.

मग त्यांनी विचारलं, "मॅडम, मंग तिघांतलं चांगलं कोणतं?"

"कोणतंही एक घ्या, पण एकच," ताई म्हणाल्या. "तुमचा जुना प्रोग्राम त्याला ओळखीचा करून देता येतो का, ते आधी बघा. अडलं तर कोण फोन उचलतं ते विचारा. नोंदीची नक्कल दुसरीकडे ठेवा. आणि ते काही विचारतं तेव्हा वाचा."

संध्याकाळी चाचा परतले. पंचांसमोर सील फोडलं. पेन ड्राइव्हमध्ये तीच तीन सॉफ्टवेअर, दुसरं काही नाही. बाईचं प्रत्येक वाक्य खरं होतं. पहिल्याच तासात तिनं सगळा तपास माझ्या हातात दिला होता, आणि मी तो उडवाउडवी म्हणून लिहून घेतला होता.

मालक पेढे घेऊन ठाण्यात आले. "बाई, झालं गेलं इसरा. उद्यापासून कामावर या." मीही म्हणालो, "गैरसमज झाला. तुमच्यावर काही नाही आता."

ती बाकावरून उठली. पेढ्याला हात लावला नाही.

"सायेब, नोंद जशीच्या तशी वापस आली म्हणता. चांगलं झालं. आता काल बाजारात ज्या बायांनी मले इथी पाह्यलं, त्याईच्या डोक्यातली नोंद कशी पुसाची, ते बटण दाखवा."

स्कूटी सुरू करून ती गेली. मिलमध्ये ती परत कधीच आली नाही. पुढे मूलकडे कुठेतरी काम धरलं असं ऐकलं.

या केसनं काय शिकवलं असं लोक विचारतात. संगणकाचं मला आजही फारसं कळत नाही, आणि ते कळायला ताईंसारखी माणसं आहेत. पण त्या सॉफ्टवेअरला मी मनातल्या मनात मूर्ख म्हणालो होतो. ओळख नाही म्हणून निरपराधाला डांबलं, म्हणून. त्यानं निदान कोठडी बंद तरी ठेवली होती. मी बाईला भर बाजारात बसवलं.

पुढच्या ठाण्यांवर मी ओसरीतला बाक पहिल्याच दिवशी आत न्यायला लावत असे. शिपाई विचारायचे, काऊन सायेब? मी सांगत नसे. आज सांगतो. त्या दिवशी आत जागा होती.