चौथी पास कोण झालं

आमच्या गावच्या शाळेत एक खोली, एक गुरुजी आणि चार वर्ग. गावचा मालक म्हणजे मालगुजार, त्याची पोरं पुढे, कास्तकारांची त्यांच्यामागे, गोंडांची दाराशी आणि महारांची ओसरीवर. विद्या सगळ्यांना सारखीच मिळायची, ओसरीवर फक्त पावसात भिजून मिळायची! हजेरीतला मुलींचा रकाना रिकामा होता, कारण मला दुसरीतूनच काढलं होतं. बाबा म्हणाले, "पोरगी शिकून काय तहसीलदार होऊन राहिली?"

परीक्षा चैत्रात, आणि चैत्रातच मोह गळतो. सरकारला हे कोण सांगणार? मोहाची फुलं वेचायला अख्खं गाव पहाटेच रानात जायचं. त्या साली चौथीत एकटा माझा दादा, तोही टोपली घेऊन गेलेला. तपासणीला आलेले डिप्टीसाहेब चावडीत बसलेले, आणि यंदाही चौथीतून कोणी पास झालं नाही तर शाळेला कुलूप.

गुरुजी धापा टाकत आमच्या घरी आले. मी तापातून उठलेली, डोक्यावरचे केस काढलेले, म्हणून घरीच होते. दादाची गणितं कोण सोडवतं हे त्यांना पाटीवरच्या अक्षरावरून केव्हाच कळलं होतं, पण बोलले कधी नव्हते.

"चाल पोरी, भावाचा सदरा घाल. टोपी घाल. आणि तोंडातून नाव त्याचंच काढजो."

साहेबांनी धडा वाचून घेतला, तलावाच्या पाण्याचं गणित घातलं. मी सोडवलं. "शाबास, बेटा!" म्हणून त्यांनी टोपीवर थोपटलं. चौथीचा निकाल शंभर टक्के! एक बसला, एक पास झाला. गुरुजींची छाती फुगली, शाळा वाचली.

दाखला आला तो दादाच्या नावाचा. मी विचारलं, "गुरुजी, माझा कागद?"

"तुझा कायचा कागद? तू तं शाळेतच नाहीस."

मी रडले. आई म्हणाली, "भावाचं भलं झालं, तं तुले काऊन जळते?" जळत होतंच, का जळू नये?

त्या कागदावर दादा मोठेपणी शेजारच्या गावी मास्तर झाला. माणूस वाईट नव्हता, दर सणाला मला लुगडं आणायचा. पुढे खानेसुमारी, म्हणजे माणसांची मोजणी, आली आणि सरकारने मास्तरांनाच घरोघर धाडलं. दादा माझ्या सासरी आला, पाणी प्याला, मांडीवर कागद घेतला. नाव, वय, जात झाली. लिहिता-वाचता येतं का, या रकान्यावर त्याची लेखणी थांबली.

"काऊन थांबलास? लिही ना, दादा."

"दाखला लागते बाई त्याले," तो खाली मान घालून पुटपुटला.

दाखला त्याच्याच पेटीत होता. त्याने 'नाही' लिहिलं. मी समोर बसून ते उलटं वाचलं.